दोघींना घर हवं होतं

‘घरात किती माणसं?’

घर शोधायला लागल्यावर प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न हाच यायचा. ‘मी एकटी. आणि माझी कुत्री आहे, भुरी.’ पलीकडे थोडी शांतता, मग ‘नाही हो, कुत्रं नको आम्हाला.’ पहिल्या आठवड्यात असे नऊ फोन झाले. नववा फोन ठेवून वळले तर भुरी खिडकीखाली उन्हात पडलेली. एक कान उभा, एक पडलेला. मला त्या क्षणी फार अपराधी वाटलं. चार महिन्यांची असताना मी तिला घरी आणलं तेव्हा हे घर, हा जिना, हा कोपरा सगळं मीच तिला दाखवलं होतं. आता हे सोडून कुठे जायचं ते मलाच माहीत नव्हतं.

माझी बदली झाली होती एका छोट्या शहरात. हातात दोन महिने. भुरी पाच वर्षांची, वजन एकोणीस किलो, कुठल्याच जातीची नाही. ‘देऊन टाक ना कुणालातरी’ असं चार जणांनी सांगितलं, त्यातले दोघे तर अगदी मायेनं. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. आज सांगते. जो जीव रोज संध्याकाळी आपल्या पावलांचा आवाज ओळखून दारामागे येऊन उभा राहतो, तो सामानाच्या यादीत येत नाही.

छोट्या शहरात घर शोधणं ही वेगळीच गोष्ट आहे, हे मला पोचल्यावर कळलं. मोठ्या शहरात पन्नास नकार आले तरी एक्कावन्नावं घर असतं. इथे त्या वेळी भाड्यानं द्यायची म्हणून रिकामी घरं असतील दहा-बारा. त्यातली निम्मी जाहिरातीत नव्हतीच. कुणाचा तरी मेहुणा, कुणाची तरी शेजारीण यांच्या तोंडून ती कळतात. आणि घरमालक एकमेकांना ओळखतात. तिसऱ्या आठवड्यात मी एका ठिकाणी फोन केला तर नाव सांगायच्या आधीच, ‘त्या कुत्रीवाल्या बाई का तुम्ही?’ असं विचारलं गेलं.

आणि मग मी खोटं बोलले.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाल्कनीसमोर झाडं. घरमालकीणबाई वयस्कर, बोलायला गोड. ‘एकटीच ना गं?’ त्यांनी विचारलं आणि मी ‘हो काकू’ म्हटलं. एवढंच. पुढचे दोन दिवस डोक्यात बेत चालू होते. भुरीला रात्री आणायचं, पहाटे फिरवायचं, जिन्यात आवाज होऊ द्यायचा नाही. पण कुत्रं लपवता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा त्याला बाहेर न्यावंच लागतं. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. महिन्याभरात कळलं आणि ‘आठ दिवसांत घर रिकामं करा’ म्हटलं, तर नव्या गावात ऐनवेळी भुरीला घेऊन मी कुठे उभी राहणार? माझ्या खोटेपणाची शिक्षा तिला झाली असती.

कराराच्या आदल्या संध्याकाळी मी फोन करून खरं सांगितलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘कुत्रीचं काय ते बघितलं असतं गं. पण तू आधी सांगितलं नाहीस.’ ते घर गेलं. भुरीमुळे गेलं असं मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट बदलली. नकार आला की लगेच फोन ठेवायचा नाही. ‘काही हरकत नाही. पण विचारू का, आधी कधी कुत्र्याचा त्रास झाला होता का?’ एवढंच विचारायचं. आणि लोक बोलायला लागले. एकांच्या आधीच्या भाडेकरूचं कुत्रं दिवसभर बाल्कनीत बांधलेलं असायचं आणि रडायचं, शेजाऱ्यांनी भांडण काढलं. एकांच्या दाराची चौकट नखांनी ओरबाडून निघाली. एकांकडे लघवीचा वास लाकडी फळ्यांमध्ये इतका मुरला की रंग देऊनही गेला नाही. एकांच्या भिंतीच्या फटींमधून सहा महिने गोचीड निघत होते. आणि एका घरात लहान मुलाला कुत्रं चावलं होतं. ‘आम्हाला कुत्री आवडतच नाहीत’ असं सांगणारा एकच भेटला. बाकी सगळ्यांच्या मागे कुणाचं तरी आधीचं कुत्रं होतं, आणि त्याहून जास्त, त्या कुत्र्याकडे न बघणारा माणूस होता.

आवाज, ओरखडे, वास, गोचीड, चावा. ही पाच कारणं मी वहीत लिहिली आणि प्रत्येकासमोर माझं उत्तर काय, ते लिहायला बसले. तेव्हा कळलं की त्यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. मी घरात नसताना भुरी काय करते? मी पाच वर्षं ‘ती शांत आहे’ म्हणत होते, पण ते मी घरात असतानाचं.

जुना फोन रेकॉर्डिंग चालू करून खुर्चीवर ठेवला आणि तासाभरासाठी बाहेर गेले. परत येऊन बघितलं तेव्हा पोटात कालवलं. दार बंद झाल्यावर दोन मिनिटं ती दाराला नाक लावून उभी. मग जांभई, ओठ चाटणं, परत जांभई. कुत्र्याला झोप नसताना अशा जांभया येतात त्या बेचैनीच्या. मग कुंई कुंई. आणि सातव्या मिनिटाला भुंकणं सुरू झालं ते पाव तास चाललं. त्यानंतर दमून ती दाराशीच आडवी झाली. वेगळं राहण्याचा असा त्रास असलेली कुत्री मालक गेल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक सगळा आरडाओरडा करतात, हे भुरीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. माझ्या जुन्या शेजाऱ्यांनी इतकी वर्षं हे ऐकलं आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी त्या रात्री जाऊन त्यांची माफी मागितली.

यावरचा उपाय सोपा आहे, पण त्याला वेळ द्यावा लागतो. किल्ली उचलायची आणि परत बसायचं. चप्पल घालायची आणि स्वयंपाकघरात जायचं. असं दिवसातून वीस वेळा. किल्लीच्या आवाजाचा ‘आता ही जाणार’ हा अर्थ पुसला जाईपर्यंत. मग दाराबाहेर पाच सेकंद. दहा सेकंद. अर्धं मिनिट. ती बेचैन व्हायच्या आधी परत यायचं, हे यातलं मर्म. भुंकेपर्यंत थांबलं तर केलेलं सगळं वाया. प्रत्येक वेळी वेळ वाढवायचीही नाही, दोन मिनिटांनंतर पुन्हा वीस सेकंद, मग तीन मिनिटं. परत आल्यावर ओरडायचं तर नाहीच. तासाभरापूर्वी केलेल्या गोष्टीचा आणि आताच्या रागाचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माझं माणूस परत आलं की चिडलेलं असतं, आणि मग ते आणखी घाबरतं.

पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही कशाबशा चार मिनिटांवर पोचलो. मला रडू यायचं. हातातले दिवस संपत होते आणि मी दारामागे उभी राहून सेकंद मोजत होते. या काळात तिला एकटं सोडायचं नाही म्हणून ऑफिसच्या वेळात मैत्रीण तिच्याजवळ बसायची, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पाचव्या आठवड्यात चाळीस मिनिटं झाली आणि त्यानंतर एकदम पुढे गेलं. चाळीसवरून दीड तास, दीडवरून तीन. तीन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये ती एकदा उठून पाणी प्याली, एकदा कूस बदलली. ते रेकॉर्डिंग मी अजून जपून ठेवलंय.

बाकीच्या चार गोष्टी इतक्या अवघड नव्हत्या. गोचिडांबद्दल मात्र मला आधी फारसं माहीत नव्हतं. ब्राउन डॉग टिक नावाचा जो गोचीड असतो, तो अंड्यापासून मोठा होईपर्यंतचं सगळं आयुष्य घराच्या आत काढू शकतो. मादी कुत्र्यावरून उतरून फटीत जाते आणि हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याच्या अंगावर औषध लावून भागत नाही, आणि एकदा घरात पसरले की पुढचा भाडेकरू कुत्रा पाळत नसला तरी भिंतीतून निघत राहतात. त्या घरमालकांची तक्रार शंभर टक्के खरी होती. वासाचंही तसंच. लघवी वाळली की त्यातलं युरिक अ‍ॅसिड पाण्यानं सहज निघत नाही, दमट हवेत वास पुन्हा उठतो. एन्झाइमचा क्लीनर ते मुळातून तोडतो. अमोनिया असलेल्या क्लीनरनं पुसलं तर उलट त्याला लघवीसारखाच वास येतो आणि कुत्रं पुन्हा तिथेच जातं.

आमच्या जुन्या डॉक्टरांनीच सुचवलं की हे सगळं तोंडी सांगत बसू नकोस, कागदावर दे. मी भुरीचा एक पानाचा कागद केला. वर तिचा फोटो, उभा-पडलेला कान स्पष्ट दिसेल असा. वय, वजन, नसबंदी कधी झाली. रेबीजच्या लशीची तारीख आणि पुढची तारीख. जंताचं औषध, गोचिडांचं औषध, दोन्ही कधी दिलं. मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि मानेच्या मागे कातडीखाली घालतात. ती कुत्रं कुठे आहे ते दाखवत नाही, फक्त मशीन जवळ नेलं की नंबर सांगते. त्यामुळे घर बदललं की त्या नंबरासमोरचा पत्ता आणि फोन आपण बदलून घ्यावा लागतो. मी ते करारावर सही झाली त्याच दिवशी केलं, कारण नव्या जागी पहिल्याच आठवड्यात कुत्री जास्त हरवतात. कागदावर पुढे तिचं दिवसाचं वेळापत्रक, मी नसताना तिच्याजवळ कोण असेल, जुन्या घरमालकांचा फोन, डॉक्टरांचा फोन. आणि शेवटी एक ओळ: ‘आधी ती एकटी असताना भुंकायची. गेले काही आठवडे तिला शिकवलं आहे, रेकॉर्डिंग दाखवू शकते.’ ती ओळ काढून टाक असं मैत्रीण म्हणाली. मी ठेवली.

जुन्या घरमालकांनी पत्रही दिलं. मी त्यांना ‘चांगलं लिहा’ असं म्हटलं नाही. ‘जे झालं ते लिहा’ म्हटलं. त्यांनी लिहिलं, पहिल्या वर्षी दाराचा खालचा कोपरा चावला होता, भाडेकरूनं स्वतः सांगून दुरुस्त करून दिला. नंतर कळलं की घर मिळवून देण्यात या एका वाक्याचा वाटा मोठा होता.

जातीचा प्रश्न तेवढा राहिला. ‘कुठल्या जातीची?’ हे सगळे विचारतात. एका गृहस्थांना लॅब्रॅडॉर चालणार होता, ‘साधी कुत्री’ नाही. मी वाद घातला नाही, पण २०२२ साली ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाबद्दल त्यांना सांगितलं. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासून त्यात असं दिसलं, की एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला साधारण नऊ टक्केच जातीवरून सांगता येतो. ते गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले, ‘असेल’. घर दिलं नाही. पण मला बरं वाटलं, भुरीच्या बाजूनं कुणीतरी बोललं.

शहरात जाऊन घर शोधायचा माझा तिसरा फेरा होता. या वेळी मी एजंटाकडे गेले नाही. सरळ तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. आपली ओळख करून दिली, भुरीची फाइल दाखवली, ‘बदली झाली आहे, आता ही तुमचीच पेशंट’ म्हटलं. आणि मग विचारलं, ‘डॉक्टर, गावात भाड्यानं राहणारे आणि कुत्रं पाळणारे कोण कोण आहेत?’ डॉक्टर हसले. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पण उत्तर त्यांच्याकडेच होतं. कुठल्या घरात कुत्रं आहे, कुठल्या घरातलं म्हातारं होऊन नुकतं गेलं, हे छोट्या गावात त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोकळ्या मैदानाकडे गेले आणि कुत्री फिरवणाऱ्या पाच-सहा जणांशी बोलले. इतके दिवस ‘कुत्रं चालेल का’ विचारत दारोदार फिरत होते. त्याऐवजी जिथे कुत्रं आधीच राहून गेलंय तीच दारं शोधायला हवी होती.

त्यातून तीन नावं मिळाली. एका घरी जागा रिकामी नव्हती. दुसरं घर बघायला गेले. घरमालक तयार होते, भाडंही परवडणारं, पण बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमध्ये एवढं अंतर की भुरीचं डोकं सहज बाहेर जाईल. शिवाय घराची फरशी काचेसारखी गुळगुळीत. तरुण कुत्रं त्यावर घसरून सावरतं, पण पुढे वय झाल्यावर मागचे पाय आणि कंबर जाते. गच्चीवर दुपारी हात ठेवून बघितला. आपला हात उलटा करून सात सेकंद टेकवून ठेवता आला नाही, तर कुत्र्याच्या तळव्यांनाही ती जागा भाजते. मला चार सेकंदही ठेवता आला नाही. आणि मुख्य म्हणजे जवळपास मातीची जागाच नव्हती. दोन महिने ‘आम्हाला घ्या’ म्हणत फिरल्यावर, घर मिळत असताना ‘नको’ म्हणणं फार जड गेलं. तरी म्हटलं.

तिसरं घर तळमजल्यावरचं. खरखरीत फरशी, मागे मातीचं अंगण, भिंत कंबरेहून उंच. घरमालक काका निवृत्त, वरच्या मजल्यावर ते, त्यांचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू. काकांकडे पूर्वी कुत्रं होतं, ते जाऊन तीन वर्षं झाली होती. काका कागद वाचता वाचता ‘बरं, बरं’ म्हणत होते. सूनबाई मात्र दाराशी उभ्याच. मी विचारलं, ‘ताई, तुम्हाला काही सांगायचंय का?’

त्यांच्या मुलाला चार वर्षांचा असताना रस्त्यावरचं कुत्रं चावलं होतं. मांडीला. ‘मला कुत्र्यांचा राग नाही हो. पण हा अंगणात गेला आणि तिथे कुत्रं असलं की माझ्या पोटात गोळा येतो.’

‘आमची भुरी चावत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. दात असलेलं कुठलंही जनावर घाबरलं, दुखावलं तर चावू शकतं, आणि हे त्या आईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, ‘ताई, ती आजवर कुणाला चावलेली नाही. पण कधीच चावणार नाही असं मी तुम्हाला लिहून देणार नाही. मी काय करीन ते लिहून देते.’ अंगणात ती माझ्याशिवाय मोकळी नसेल. फाटकापासून घरापर्यंत हार्नेस आणि दोरी असेल. ती झोपलेली असताना किंवा तिच्या भांड्याजवळ मुलानं जायचं नाही, हे मी त्याला स्वतः समजावीन. रेबीजची लस एक दिवसही चुकणार नाही. आणि तरीही कधी दात लागले, अगदी खरचटलं, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे, कुत्रीला लस दिलेली असली तरी. जागतिक आरोग्य संघटनेचं हेच सांगणं आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्याचा चावाच कारण असतो आणि लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. मग लसीच्या तारखेत हयगय कशी करणार?

नातू आतून ऐकत होता. बाहेर येऊन म्हणाला, ‘पाश्चरनं ज्याला रेबीजची पहिली लस दिली तो पण नऊ वर्षांचा होता.’ खरंच. जोसेफ माइस्टर, जुलै १८८५. त्यालाही कुत्रंच चावलं होतं. मुलाला ते नाव पाठ होतं. स्वतःची इंजेक्शनं झाल्यापासून त्यानं ते शोधून काढलं असणार. त्याच्या आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘घेऊन या एकदा. बघू.’

त्या भेटीसाठी आम्ही तयारी केली होती. अमेरिकन केनेल क्लबची ‘कॅनाइन गुड सिटिझन’ म्हणून एक परीक्षा आहे, १९८९ पासूनची, दहा गोष्टींची. अनोळखी माणसाशी नीट वागणं, गर्दीतून सैल दोरीनं चालणं, बोलावल्यावर येणं, असं साधंच सगळं. शेवटची, मालक नजरेआड गेल्यावर तीन मिनिटं दुसऱ्या माणसाजवळ शांत राहणं. प्रमाणपत्र आम्हाला नको होतं. मी ती यादी फक्त सरावाला वापरली. नऊ गोष्टी जमल्या. दुसरं कुत्रं समोर आल्यावर शांत राहणं भुरीला तेव्हा जमत नव्हतं, तेही काकांना सांगितलं.

ती आली ती आधी अंगणभर हुंगत फिरली. मी घाई केली नाही. कुत्र्याला नवी जागा नाकानं वाचू दिली की अर्धी भीती तिथेच उतरते. मग काकांच्या पायाशी बसली. सूनबाई पायरीवरून बघत होत्या, मुलगा त्यांच्या मागे. कुणी तिच्या अंगाला हात लावला नाही आणि मीही आग्रह केला नाही. वीस मिनिटांनी आम्ही निघालो. रात्री काकांचा फोन आला. आधी तीन महिन्यांसाठी, मग सगळ्यांना ठीक वाटलं तर पुढे.

करारात ‘पाळीव प्राण्यास परवानगी’ एवढंच लिहून भागत नाही, हे मी वाचून वाचून शिकले होते. तोंडी ‘चालेल हो’ तर अजिबात धरून चालायचं नाही. उद्या घर दुसऱ्याच्या नावावर झालं तर? आम्ही भुरीचं नाव, वर्णन, लस चालू ठेवण्याची जबाबदारी माझी, तिच्यामुळे झालेलं नुकसान मी भरून देणार, पण रोजच्या वापरानं होणारी झीज त्यात धरायची नाही, असं सगळं लिहिलं. तक्रार आली तर आधी लेखी सांगायचं आणि सुधारायला तीस दिवस द्यायचे, हे कलम मी मागितलं. काका थोडे अडले. मी त्यांना ते पूर्वीचं सगळं सांगितलं, सात मिनिटांचं, पाव तासाचं. ‘ताई, तीस दिवसांत कुत्रं सुधारतं?’ ‘सुधारायला लागतं, काका. निदान मी काय करतेय ते तुम्हाला दिसेल.’ त्यांनी सही केली. अनामत रक्कम थोडी जास्त मागितली, ती मी दिली. सामान यायच्या आधी आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक दार, चौकट, फरशीचा कोपरा यांचे फोटो काढले आणि एकमेकांना पाठवले.

सामान आलं त्या दिवशी भुरी मैत्रिणीकडे होती. घर लागलं, तिचं जुनं अंथरूण न धुता तसंच कोपऱ्यात टाकलं, मगच तिला आणलं. आपल्याला त्याचा वास येतो म्हणून धुवावंसं वाटतं, पण त्या सगळ्या अनोळखी घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. पहिली रात्र ती झोपली नाही. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. नव्या घराचे, मला न ऐकू येणारे किती आवाज तिनं त्या रात्री ऐकले असतील! मी तिच्याजवळ जमिनीवर झोपले. एकटं राहायचा सराव पुन्हा पाच सेकंदांपासून सुरू केला, कारण जुन्या दारामागचं शिकलेलं नव्या दाराला आपोआप लागू होत नाही. या वेळी मात्र दहा दिवसांत दोन तासांवर पोचलो.

चौथ्या आठवड्यात वादळ झालं. मी ऑफिसात. वीज कडाडायला लागली तशी निघाले, पण पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला वितीएवढे तीन ओरखडे, रंग निघून लाकूड दिसत होतं. भुरी न्हाणीघरात कोपऱ्यात थरथरत होती. तिला शांत करायला तास गेला. मग मी ओरखड्यांचा फोटो काढला आणि काकांना पाठवला, खाली लिहिलं, ‘आज दुपारी झालं. वीज चमकली तेव्हा मी घरात नव्हते. दार मी दुरुस्त करून देते.’ पाठवलं आणि हात गार पडले. तीन महिनेही झाले नव्हते.

काका खाली आले. चष्मा लावून वाकून दाराकडे बघितलं, बोटानं लाकूड चाचपलं. वर गेले आणि पॉलिश पेपर घेऊन परत आले. बरोबर नातू. आम्ही तिघांनी आळीपाळीनं ते घासलं. काका मध्येच म्हणाले, आमचा होता तोही विजेला असाच दाराशी जायचा, आम्ही त्याला मधल्या खोलीत ठेवायचो, खिडकी नसलेल्या. तुम्हीही तसंच करा. भुरी अंथरुणावरून मान न उचलता आमच्याकडे बघत होती. मुलगा घासता घासता थांबला आणि मला विचारलं, ‘ती जागी आहे. आता जाऊ का जवळ?’

मी त्याला हाताची मूठ कशी पुढे करायची आणि किती लांब बसायचं ते दाखवलं. तो बसला. भुरीनं मूठ हुंगली, आणि हनुवटी परत अंथरुणावर टेकली. जिन्यावरून त्याच्या आईनं हाक मारली. ‘थांब, आलो,’ म्हणाला. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.